केवडेमळ्याची पहिली काच

मुक्ताईने धुतलेल्या काचेतून पलीकडच्या मुंगीचे पाय मोजता येतात असं वनस्पतिशास्त्र विभागात म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. बोटाएवढी लांब, चपटी, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची ती काच. मुलं तिला स्लाइड म्हणत. मुक्ताई बावीस वर्षं काचच म्हणत आली. कॉलेज काही गडगंज नव्हतं. त्यामुळे दर चैत्रात प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या की मुलांनी वर्षभर केलेल्या शेकडो स्लाइडी सोड्याच्या गरम पाण्यात पडत, त्यांच्या चिठ्ठ्या सुटत, आणि जूनमध्ये त्याच काचा नव्या मुलांच्या हातात कोऱ्या होऊन येत. हे सगळं एकटी मुक्ताई करी. तिचा नियम एकच होता. मोरीच्या डाव्या हाताचा पांढरा ट्रे धुवायचा, उजव्या हाताच्या फळीवरच्या, जपायच्या स्लाइडींच्या लाकडी पेटीला शिवायचं नाही. विभागप्रमुख तीन झाले, नियम तोच राहिला. काचेवर काय आहे ते ती कधी बघत नसे. काच बघणं एवढंच आपलं काम असं ती मानी, आणि ते अशा इमानाने करी की आपण आपली कामं कशी उरकतो ते आठवून आपल्यालाच ओशाळं वाटावं.

केवडेमळा म्हणजे लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्ता सोडून आत वळलं की कालव्याच्या कडेला लागणारी दोन-अडीचशे घरांची वस्ती. कॉलेज आलं आणि वस्तीचं पंचांगच बदललं. पूर्वी इथे पाऊसपाणी, सुगी आणि भैरोबाची जत्रा असे. आता सेमिस्टर एक आणि सेमिस्टर दोन. जत्रेची तारीखसुद्धा परीक्षेचं वेळापत्रक बघून ठरते, आणि भैरोबाने अजून त्याबद्दल तक्रार केलेली नाही. ज्या घरी गोठा होता तिथे फरशी बसली आणि दारावर ‘मुलींसाठी खोली मिळेल’ अशी पाटी लागली. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका सबमिशन, व्हायवा आणि एटीकेटी यांवर इतक्या अधिकाराने बोलतात की एखाद्या प्राध्यापकाने गप्प ऐकून घ्यावं. कुणाच्या भाडेकरू पोरीचा कुठला विषय राहिला हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं आणि त्याचं दुःखही सगळी आळी मिळून करते. मे महिन्यात मुलं गेली की झेरॉक्सचं दुकान बंद होतं, चहाची टपरी बंद होते, आणि रस्त्यावरची कुत्रीसुद्धा कुणीतरी यायचंय अशा नजरेने बसथांब्याकडे बघत पडतात.

एवढं सगळं जवळ आलं, तरी मधली कॉलेजची भिंत मात्र राहिलीच. वस्तीतल्या बायका फाटकापर्यंत जात, आत नाही. आत जाणारी एक मुक्ताई. सातवी शिकलेली, माहेर आणि सासर एकाच वस्तीत, मध्ये फक्त ओढा. नवरा बजरंग कालव्यावर पाटकरी होता, शेतांना पाणी सोडायचं त्याचं काम, आता निवृत्त. पण बावीस वर्षं आत जाऊनही मुक्ताईने एक गोष्ट केली नव्हती. तिने सूक्ष्मदर्शकात डोळा घातला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी ती सहज एका नळीवर वाकली, आणि तेव्हाचा प्रयोगशाळा सहायक मागून म्हणाला होता, की हे बघायचं काम तुमचं नाही. तो माणूस निवृत्त होऊन गेला, पण मुक्ताईचा मान तिथेच अडला. नंतर किती मुलांनी हाक मारली, या मावशी, बघा मावशी. ती हसून म्हणे, त्यात काय बघायचं, आणि फडकं घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जाई. बघायची इच्छा नव्हती असं मात्र कुणी समजू नये.

ती इच्छा सगळ्यात जास्त वर आली ती मैत्री नावाच्या पोरीमुळे. मैत्री आर्वीकडची, वर्धा जिल्ह्यातली, एम.एस्सी.ला आलेली आणि मुक्ताईच्याच मागच्या खोलीत राहणारी. अंगाने काडी, पण कामाला वाघीण. तिने प्रबंधासाठी विषय घेतला होता केवडेमळ्यातल्या फुलांचे परागकण. वस्तीच्या शिवेत जे जे म्हणून फुलतं त्याचा कण न् कण तिने दोन वर्षं काचेवर बसवला. गुलाबी जेलीचा ठिपका, त्यात पराग, वर पातळ काच, कडेने नखांचं पॉलिश लावून बंद. अशा चौऱ्याऐंशी स्लाइडी. झाडं दाखवायला अर्थातच मुक्ताई. रविवारी दोघी बांधाबांधाने हिंडत. मुक्ताई गावठी नाव सांगे, मैत्री शास्त्रातलं.

एकदा अशाच हिंडताना मैत्रीने तिला सांगितलं, की परागकण दिसतो धुळीसारखा, पण त्याचं टरफल फार चिवट असतं. फूल जातं, झाड जातं, पण ते टरफल मातीत हजारो वर्षं तसंच राहतं. “हजार वर्षांनी कोणी इथली माती काढली ना मावशी, तर त्याले समजते, का इथे काय काय फुलत होतं.”

मुक्ताई बांधावरच थबकली. तिने हे आधी बजरंगला सांगितलं, मग गिरणीवर सांगितलं, मग देवळात सांगितलं. पायाखालच्या मातीत कधीकाळची फुलं आहेत या गोष्टीने ती इतकी दिपून गेली की काही दिवस अंगण झाडताना तिचा हात हळू चाले.

मैत्रीची तोंडी परीक्षा वैशाखात होती. बाहेरगावचे परीक्षक यायचे, प्रबंध आणि स्लाइडींची पेटी तपासायचे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी तिची निवडही झाली होती, अट एवढीच की निकाल जूनच्या आत लागावा. नाही लागला तर जागा दुसऱ्याला. हे मैत्रीला ठाऊक होतं, विभागप्रमुख सुरुची मॅडमना ठाऊक होतं, आणि मुक्ताईला ठाऊक होतं म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक होतं.

आणि परीक्षेला बारा दिवस राहिले असताना ते घडलं.

त्या दिवशी प्रयोगशाळेत बी.एस्सी.ची प्रात्यक्षिकं होती. एक टेबल मोकळं नव्हतं. मैत्रीला स्लाइडी क्रमाने लावून पेटीत भरायच्या होत्या, म्हणून तिने त्या एका पांढऱ्या ट्रेमध्ये मांडल्या आणि ट्रे दोन मिनिटांसाठी मोरीच्या कट्ट्यावर टेकवला. तेवढ्यात कार्यालयातून निरोप आला, परीक्षेच्या अर्जावर सही राहिलीय. कॉलेजच्या कार्यालयातली दोन मिनिटं म्हणजे किती, हे सुज्ञांना सांगायला नको. ती परत येईपर्यंत दरवाजाला कुलूप होतं. ट्रे आपलाच आहे, कुठे जातोय, म्हणून ती खोलीवर गेली, आणि मुक्ताईला सांगायचं तिला सुचलंही नाही.

मुक्ताईने साडेचारला डाव्या हाताचे सगळे ट्रे उचलले होते आणि सोड्याच्या पाण्यात रिकामे केले होते. सकाळी येऊन ती घासायला बसली. काही काचांच्या कडांना नखांचं पॉलिश होतं, ते निघता निघेना. आजकालच्या पोरांना काचासुद्धा नटवायच्या असतात, असं पुटपुटत तिने ब्लेडने ते नेटाने खरवडलं, काचा धुवून सुती फडक्यावर ओळीने मांडल्या, आणि दहा वाजता मैत्री आली तेव्हा खिडकीतल्या उन्हात त्या नुसत्या झळकत होत्या.

मैत्री ओरडली नाही. तिने एक काच उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग स्टुलावर बसून राहिली. तिच्या तोंडाकडे बघून मुक्ताईला काय झालं ते कळलं.

सुरुची मॅडम शनिवार पेठेतल्या. रोज दोन बस बदलून यायच्या आणि त्या प्रवासाचा सगळा राग जिभेवर जपून आणायच्या. त्यांनी काचांच्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, “फार स्वच्छ धुतल्यात आपण, मुक्ताई. विद्यापीठात कुणाकडे इतक्या स्वच्छ काचा नसतील.”

मुक्ताईने मान खाली घातली. सगळे तिच्याच बाजूने बोलत होते. ट्रे डावीकडे ठेवला तो मैत्रीने. खुद्द मैत्री तेच म्हणत होती. नियमाने मुक्ताईकडे बोट दाखवायला जागा नव्हती, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. बावीस वर्षं काच बघितली, काचेवरचं बघितलं नाही. एकदा जरी नीट बघितलं असतं, तर चिठ्ठीवरचं पोरीचं अक्षर तिला ओळखू आलं नसतं का? तेच अक्षर रोज तिच्या घरात दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर होतं.

मॅडमनी मग कडू बोलणं बाजूला ठेवलं आणि कागद घेतला. सुकवलेली फुलं मैत्रीने पाकिटांत घालून ठेवली होती, म्हणजे एकसष्ट स्लाइडी पुन्हा करता येत होत्या. उरलेली तेवीस पावसाळी फुलं. त्यांच्या पाकिटांना ओल्या हवेत बुरशी धरली होती, आणि स्लाइडी झाल्यात म्हणून ती टाकून दिली होती. आता चैत्र सरत आलेला. पावसाळी फुलं आणायची कुठून? “तेवीस कमी घेऊन परीक्षकांपुढे बसू नकोस,” मॅडम मैत्रीला म्हणाल्या. “पुढच्या वर्षी बस.” पुढच्या वर्षी म्हणजे जागा गेली.

मुक्ताईने तेवीस नावांची यादी मागून घेतली. गावठी नावांची.

संध्याकाळी अंगणात बसून तिने ती बजरंगला वाचून दाखवली. माका, आघाडा. बजरंग म्हणाला, की तिसऱ्या मोरीपाशी कालवा बारा महिने गळतो, तिथे अजून पावसाळाच आहे. चाळीस वर्षं ती गळती त्याच्या डोक्याला ताप होती, आज पहिल्यांदा कामाला आली. झेंडू? दसऱ्याचं तोरण अजून दाराला लटकत होतंच. आपल्याकडे ते पुढच्या दसऱ्यापर्यंत कोण काढतंय? कुरडू? मुतखड्यावर देण्यासाठी त्याची सुकी कणसं आळीतल्या दोन घरांत तरी होती. आणि तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. पण गिरणीवाल्या रुपालीच्या देव्हाऱ्यामागे गेल्या भाद्रपदातली तेरड्याची गौर तशीच बांधून ठेवलेली निघाली. विसर्जनाला न्यायची राहिली आणि मग टाकायला हात होईना, असं ती म्हणाली.

बघता बघता आळीला हे वेड लागलं. सकाळी मुक्ताई कामावर निघाली की कुणी पदराच्या गाठीत, कुणी पेपरच्या पुडीत काहीतरी घेऊन वाटेत उभी असे. तिसऱ्या दिवशी पुड्या इतक्या झाल्या की कुठली कुणाची हे कळेना, तेव्हा सुरुची मॅडमच म्हणाल्या, की त्यांनाच आत बोलवा. अशा रीतीने, कॉलेज उघडल्याला चोवीस वर्षं झाल्यावर, केवडेमळ्यातल्या सात बायका पहिल्यांदा फाटकाच्या आत आल्या. प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांनी चपला काढल्या.

“हे देऊळ नाही,” मॅडम म्हणाल्या. “चपला घालून आलात तरी चालेल.”

कुणी ऐकलं नाही. अनवाणीच आत आल्या.

मॅडमच्या हाताखाली सुकलेल्या फुलांतून सुईच्या टोकाएवढी धूळ निघे, गुलाबी जेलीच्या थेंबात जाई, आणि मग नळीखाली ठेवली की मैत्री एकेकीला बोलवी. रुपालीने आपल्याच दारावरच्या झेंडूचा कण पाहिला आणि मागे सरकून म्हणाली, “आगं बया, ह्ये तर गोखरू हायत.” काटेच काटे, सोनेरी, आणि एकेक असा घडवलेला, की कुणी इतकं बारीक काम एवढ्याशा धुळीवर का केलं असेल असा विचार मनात यावा. मग ती पुन्हा वाकली, आणि बराच वेळ उठेना. बाकीच्या बायका मागून पुढे सरकू लागल्या. वर्षभर आपण दाराला काय लटकवतो हे त्यांना आज कळत होतं. मुक्ताई मात्र लांब मोरीपाशी उभी राहून फडकं पिळत होती. मैत्रीने तिला हाक मारली. ती म्हणाली, तुमचं चालू द्या.

नवव्या दिवशी बावीस स्लाइडी झाल्या. राहिला केवडा.

आणि नेमका तोच पेटीतला पहिल्या क्रमांकाचा. ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं तो केवडा. ओढ्याकाठी एकेकाळी त्याचं बन होतं, भाद्रपदात अख्खी वस्ती घमघमायची. नंतर विहिरी झाल्या, रस्ता झाला, खोल्या झाल्या, बन आक्रसत गेलं. शेवटचं एक बेट उरलं होतं, त्याचं कणीस मैत्रीने गेल्या भाद्रपदात मिळवलं. आणि पौषात वसतिगृहाच्या सांडपाण्याचा नळ टाकताना तेही गेलं. बाजारात केवडा मिळतो तो गौरी-गणपतीला, तोही कोकणातला. मॅडम म्हणाल्या, “परीक्षक पेटी उघडणार आणि पहिलीच खाच रिकामी. केवडेमळ्याचा अभ्यास आणि केवडा नाही.” मैत्री म्हणाली, की नाही तर नाही, जेवढं आहे तेवढं दाखवू. तिचा आवाज ऐकून कुणालाही कळलं असतं, की तिने मनातून हात टेकलेत.

केवडा कुठे आहे हे मुक्ताईला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी यादी वाचली तेव्हापासून ठाऊक होतं.

तिच्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी तिचा लग्नातला शालू होता, आणि शालूच्या घडीत केवड्याची पात. लग्नानंतरच्या पहिल्या गौरींना ती ओढा ओलांडून माहेरी आली, तेव्हा तिच्या आईने, वेणूबाईने, बनात शिरून कणीस काढलं होतं. केवड्याच्या पातींना करवतीसारखे काटे असतात. म्हातारी नव्हती ती तेव्हा, पण कोपरापर्यंत रक्ताळून आली होती. कपड्यांना वास राहतो, कसर लागत नाही, म्हणत तिने आतली कोवळी पात परागासकट शालूच्या घडीत ठेवली आणि वरून हात फिरवला. त्याला अडतीस वर्षं झाली. वेणूबाईला जाऊन एकतीस. तिचा एकही फोटो नव्हता. तिच्या हातचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते त्या घडीत होतं. मुक्ताई दर अक्षय्यतृतीयेला ट्रंक उघडी, शालूला नाक लावी, आणि घडी न मोडता पुन्हा बंद करी. पात हात लावताच भुगा होईल हे तिला माहीत होतं. वास तर केव्हाच गेला होता. पण आपल्याला येतो असं ती स्वतःला सांगत असे.

दहाव्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत ती घरी गेली. बजरंग ओसरीवर होता. त्याने तिला ट्रंक उघडताना पाहिलं, आणि शहाणा माणूस, दोरीवरचं धुतलेलं धोतर पुढे केलं. त्यात शालू गुंडाळून, पाण्याने काठोकाठ भरलेली परात न्यावी तशी दोन्ही हातांवर तोलत, ती कॉलेजात आली आणि मॅडमच्या टेबलावर तिने तो ठेवला.

मॅडमनी घडीचं एक टोक उचलून आत पाहिलं. भुरी, कागदासारखी पात, आणि तिच्या पोटाशी पिवळट धूळ, थोडी पातीवर, थोडी जरीच्या काठात. त्यांनी टोक पुन्हा खाली ठेवलं. मुक्ताईने सांगितलेलं सगळं त्यांनी मधे न बोलता ऐकलं, आणि हेच त्यांच्या बाबतीत नवल होतं.

“मुक्ताई,” त्या म्हणाल्या, “उलगडली की ही पात राहणार नाही. चालेल का आपल्याला?”

“म्याडम, म्या पोरीच्या चौऱ्याऐंशी काचा धुतल्या. माजी येक पात जाऊ द्या.”

मैत्री नको नको म्हणत राहिली. पण मुक्ताईने स्वतःच्या हाताने घडी मोडली. पातीचे तुकडे झाले, तुकड्यांचा चुरा झाला, आणि जरीच्या काठावरून पांढऱ्या कागदावर चिमूटभरसुद्धा नाही एवढी धूळ पडली. सुरुची मॅडमनी सुई उचलली. पस्तीस वर्षं सुई धरलेला तो हात, पण त्या दिवशी त्यांनी मनगट टेबलावर टेकवलं. गुलाबी जेली पातळ केली, धूळ घेतली, काच झाकली, नळीखाली सरकवली आणि डोळा लावला.

मग त्या खुर्चीतून उठल्या. खुर्ची त्यांची, विभागप्रमुखांची. ती मागे ओढून म्हणाल्या, “या. बसा इथे. हे बघायचं काम आपलंच आहे.”

मुक्ताईने हात पदराला पुसले. कोरडेच होते, तरी पुसले. बसली, आणि बावीस वर्षांनी वाकली. आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग मॅडमनी चाक थोडं फिरवलं आणि सगळं एकदम स्वच्छ झालं. गुलाबी उजेड, आणि त्यात गोल, टपोरे, खसखशीसारखे कण. एक नव्हे, पाच-सहा. प्रत्येकाला एक बारीकसं भोक आणि अंगभर इवलेइवले काटे. एक कणसुद्धा मोडला नव्हता. पात चुरली, आई गेली, बन गेलं, आणि हे जसेच्या तसे.

डोळा न काढता तिने विचारलं, “ह्ये आईच्या हातचं?”

“हो.”

“आन् अजून हाय?”

“आपण दोघी गेल्यावरही असेल,” मॅडम म्हणाल्या.

मुक्ताई रडली, पण डोळा तिथून काढला नाही, त्यामुळे आसू नळीच्या वरच्या काचेवर उतरला आणि मैत्रीला तो पुसावा लागला. आईला वाटलं होतं, आपण कपड्यांना वास ठेवतोय. तिने काय ठेवलं होतं हे तिला कधी कळलं नाही. ज्या बाईला शाळेची पायरी माहीत नव्हती, तिने काटे सोसून हजार वर्षांची वस्तू लेकीच्या शालूत बांधून दिली होती. मुक्ताईला त्या क्षणी वाटलं ते नवलच. दुःख त्यात होतं, पण नवल मोठं होतं.

आता चिठ्ठी. प्रत्येक स्लाइडीवर चार ओळी लागत: वनस्पती, ठिकाण, दिनांक, संग्राहक. इतर त्र्याऐंशींवर संग्राहक म्हणून मैत्रीचं नाव होतं. तिने बारीक निब घेतलं आणि मुक्ताईला दोन-तीन गोष्टी विचारून चिठ्ठी लिहिली. ती वाळल्यावर मुक्ताईने काच उजेडात धरली आणि बोट न लावता, ओठ हलवत वाचली. केवडा. केवडेमळा, ओढ्याकाठचं बन. भाद्रपद, १९८६. आणि शेवटच्या ओळीत, वेणूबाई धोंडिबा कुंजीर. हे नाव मतदारयादीशिवाय कुठे लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं.

परीक्षक साठी उलटलेले, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ होते. त्यांनी पेटी उघडली आणि अपेक्षेप्रमाणे पहिलीच स्लाइड उचलली. बघितली. चिठ्ठी वाचली, मैत्रीकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. त्या साली तर या मुलीचा जन्मही नव्हता, असं म्हणून त्यांनी विचारलं, की या कुंजीरबाई कुठल्या विद्यापीठाच्या. सुरुची मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, की त्या इथल्याच, संग्रह घरीच होता. मग परीक्षकांनी ते बन बघायला मिळेल का असं विचारलं.

“नाही सर,” मैत्री म्हणाली. “आता केवडा एवढाच आहे.”

त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि पुन्हा नळीला डोळा लावला. या वेळी बराच वेळ. मोरीपाशी मुक्ताई उभी होती आणि तिच्या हातात फडकं होतं, पण ती काही पुसत नव्हती.

निकाल मेअखेर लागला. मैत्री जूनमध्ये संस्थेत गेली. पेटी विभागाच्या काचेच्या कपाटात राहिली. कपाटाची किल्ली मॅडमनी मुक्ताईकडे दिली. वस्तीतल्या बायका अधूनमधून येतात, चपला काढतात, एक-दोन काचा बघतात, आणि दळण न्यायचंय म्हणून घाईने जातात.

पुढच्या चैत्रात प्रात्यक्षिकं संपली, डाव्या हाताचे ट्रे भरले, पण काचा काही धुवून होईनात. मुक्ताई प्रत्येक काच पाण्यात सोडण्याआधी नळीखाली ठेवून बघत होती. कांद्याची पेशी बघे, पानावरचं तोंड बघे, शेवाळाचा हिरवा दोर बघे, आणि जी टाकवेना ती उचलून उजव्या हाताच्या फळीवर ठेवी. फळी भरली. जूनमध्ये कोऱ्या काचा कमी पडल्या. सुरुची मॅडमनी फळीकडे पाहिलं, मुक्ताईकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी येताना बुधवार पेठेतून चार डझन नव्या आणल्या.